भोकाचा डॉलर: न्यू साउथ वेल्सचे १८१३ चे नाणे

न्यू साउथ वेल्स ही ऑस्ट्रेलियातली ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत १७८८ साली वसली, पण स्वतःचे नाणे नसल्यामुळे जहाजातून येईल ते नाणे तिथे चाले. १८०० साली गव्हर्नर किंगने जाहीर केलेल्या दरपत्रकात आपला रुपया अडीच शिलिंगांना आणि मद्रासकडचा होन आठ शिलिंगांना धरला आहे. दर मुद्दाम चढे ठेवले होते. तांब्याची एक पेनी (शिलिंगाचा बारावा भाग) तर दोन पेन्सला चाले. तरी पैसा टिकेना. व्यापारी जहाजे माल उतरवत आणि रोख घेऊन जात. मागे उरे ती रम, धान्य आणि खासगी वचनचिठ्ठ्या. या चिठ्ठ्या वटवताना मोठा वटाव सोसावा लागे.

नोव्हेंबर १८१२ मध्ये ‘समरंग’ जहाजाने मद्रासहून चांदीचे ४०,००० स्पॅनिश डॉलर सिडनीला आणले. तसेच वाटले असते तर तेही निघून गेले असते. गव्हर्नर मॅक्वारीने ते फोडायचे ठरवले आणि काम दिले विल्यम हेन्शॉल याला, म्हणजे बनावट नाण्यांच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन आलेल्या माणसाला. ठसे कोरण्याची कला वसाहतीत त्याच्याच हाती होती.

प्रत्येक डॉलरच्या मधोमध टिकली पाडायची. उरलेल्या कड्यावर भोकाभोवती एका बाजूला ‘न्यू साउथ वेल्स १८१३’, दुसऱ्या बाजूला ‘पाच शिलिंग’. टिकलीवर मुकुट आणि ‘पंधरा पेन्स’, शिवाय चांदी कातरून घेता येऊ नये म्हणून कडेला तिरक्या रेघा. डॉलर हातघडणीचे, जाडी आणि घेर सारखा नाही. त्यामुळे भोक कधी एका अंगाला सरके. टिकलीवरची जुनी छापही नेहमी पुरती दबत नसे, काहींवर स्पॅनिश राजचिन्हाच्या रेषा अजून दिसतात. कड्यावर मूळ राजाचे नाव आणि साल बहुधा तसेच राहिले. काम वर्षाहून जास्त चालले आणि ३९,९१० जोड्या चलनात आल्या.

माझ्या मते खरे डोके दरात आहे. पाच शिलिंगांच्या डॉलरमधून कडे पाच शिलिंगांचे आणि टिकली सव्वा शिलिंगाची, म्हणजे एकूण सव्वासहा शिलिंग. जवळपास २७ ग्रॅमच्या डॉलरमधली सहाएक ग्रॅम चांदी टिकलीत गेलेली. परदेशात नाणे चांदीच्या वजनावर घेतले जाई, तिथे या कड्याचे चार शिलिंगही आले नसते. म्हणून ते बाहेर नेणे आतबट्ट्याचे. शिवाय नकली पाडणाऱ्याला सात वर्षांची शिक्षा होतीच.

१८२२ पासून ही नाणी परत घेऊ लागले आणि १८२९ मध्ये त्यांचे चलन संपले. बहुतेक वितळवली गेली. आज साधारण ३०० कडी आणि हजारेक टिकल्या माहीत आहेत. म्हणून नकला भरपूर होतात. तपासताना आधी मूळ डॉलरचे साल पाहावे: १८१२ नंतरचे असेल तर नाणे खोटेच. मग ‘पाच शिलिंग’च्या बाजूला, कोरलेल्या दोन डहाळ्या जुळतात तिथे भिंगाने हेन्शॉलचे बारीक ‘एच’ शोधावे.