४० टक्के पाऊस

मंगळवार, रात्री उशिरा

आज हवामानाच्या बुलेटिनवरून निर्मात्याशी पुन्हा वाजलं. पडद्यावर त्याला एकच चित्र हवं होतं, सूर्य नाहीतर छत्री. मी ४० टक्क्यांवर अडून बसले. ‘लोकांना आकडे नको असतात गं,’ म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. लोकांना आकडा कळतो. त्या आकड्याचं करायचं काय, हे त्यांना कुणी सांगत नाही.

४० टक्के म्हणजे शहराच्या तेवढ्या भागात पाऊस नव्हे, की दिवसातला तेवढा वेळही नव्हे. अशी हवा शंभरदा जुळून आली, तर तुम्ही उभे आहात तिथे साधारण चाळीसदा पाऊस पडेल. म्हणून मी पुढे जोडलं: उघड्यावर कार्यक्रम असेल तर छताची सोय बघून ठेवा, नुसतं फिरायला जायचं असेल तर खुशाल जा. एवढ्याला दहा सेकंद लागतात. त्या दहा सेकंदांसाठी मी रोज भांडेन.

११ जानेवारी १९५४ ला जॉर्ज काउलिंग बीबीसीवर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. पडद्यावर दिसून हवामानाचा अंदाज सांगणारा तिथला तो पहिलाच. हाताशी कागदी नकाशे. हवामानाचे उपग्रह अजून यायचे होते. उद्या वारा राहील, कपडे वाळत घालायला दिवस चांगला, असं त्यानं सांगितलं. आमच्या कामाचं मर्म त्यानं तेव्हाच पकडलं होतं, असं मला वाटतं.

नवी मुलगी सध्या सराव करतेय. मागची भिंत कोरी हिरवी, नकाशा दिसतो तो बाजूच्या मॉनिटरवर. तिकडे बघत हात फिरवायचा आणि तोंडानं न अडखळता बोलत राहायचं. समोर लिहिलेलं काही नसतं. तिचा हात अजून उलट्या दिशेला जातो. पण प्रश्न नेमके विचारते. ‘ताई, फोनवर सगळं दिसतंच की. मग आपण कशाला?’

तिला मी समूह-अंदाज उघडून दाखवला. सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून तेच गणित पन्नासदा चालवलेलं. पहिले दोन दिवस रेषा एकमेकींना चिकटून जातात, मग पिंजारलेल्या केसांसारख्या विस्कटतात. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझनं १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि त्याच्या संगणकावरचं हवामान पार वेगळ्या वाटेनं गेलं, ते हेच. फोनवर या सगळ्याचा एक ढग होऊन येतो. शिवाय गणितासाठी नकाशाच्या पाडलेल्या चौकटी काही किलोमीटरच्या. एखादी अरुंद दरी त्यात सापडतही नाही. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला, की गार हवा उतरून त्या दरीत साचते आणि पहाटे धुक्यात रस्ता दिसेनासा होतो. हे वर्षानुवर्षं एकाच भागावर नजर ठेवून कळतं. मोठ्या वाहिनीवर जायची संधी मी सोडली, त्यामागे हेही कारण होतं.

शनिवारचं सकाळचं बुलेटिन तिला द्या, असं सांगून आलेय. आदल्या रात्री आभाळ निरभ्र राहील असं दिसतंय, वाराही जवळजवळ नाही. धुक्याचं काय सांगायचं ते तिनंच ठरवायचंय.