‘मॉडेल कुठल्या सालचं?’ : प्रायमरी चेन टेन्शनरची माझी वरात

हा प्रश्न मला दोन महिन्यांत इतक्या वेळा विचारला गेला की आता कुणी सहज जरी ‘कुठल्या सालची गाडी?’ म्हटलं तरी कपाळाला आठी पडते. इंजिन एका सालचं. गिअरबॉक्स त्यानंतरच्या पिढीतला, सहा गिअरचा. तो बसावा म्हणून प्रायमरीची (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चेन असते त्या भागाची) आतली केस तिसऱ्याच गाडीची घेतली. आणि आरसीवर चौथंच साल, कारण गाडी बनल्यावर शोरूमला पडून होती. आता सांगा, माझी व्ही-ट्विन कुठल्या सालची?

झालं असं. इंजिन बोअर करून घेतल्यावर ताकद वाढली होती, म्हणून इंजिनवरचं २४ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, काढून २५ दातांचं घातलं. हायवेला इंजिन जरा निवांत चालावं, एवढाच हेतू. एक दात म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. आठवड्याभरात प्रायमरीतून बारीक शीळ वाजायला लागली, गाडी तापली की वाढणारी, आणि सिग्नलला न्यूट्रल सापडेना. मेकॅनिक म्हणाला, ‘क्लच बघू.’ क्लच बघितला, ठीक होता. चेन मात्र वीणेच्या तारेसारखी ताणलेली.

एका दाताचा हिशेब नंतर कागदावर मांडला, तो आधी मांडायला हवा होता. स्प्रॉकेटला एक दात वाढला की चेनच्या वेढ्यातली साधारण अर्ध्या पिचइतकी (पिच म्हणजे चेनच्या दोन पिनांमधलं अंतर) लांबी जास्त खर्च होते. माझ्या चेनचा पिच १२.७ मिमी, म्हणजे ६.३५ मिमी गेले. ऐकायला किरकोळ. पण दोन स्प्रॉकेटांच्या केंद्रांमधलं अंतर ३०० मिमीच्या आसपास असेल तर तेवढ्यासाठी चेनचा ताण धरणाऱ्या टेन्शनरचा शू, म्हणजे चेनला खालून टेकणारा तो नायलॉनचा वाकडा तुकडा, त्याच्या कितीतरी पट खाली जावा लागतो. माझा कंपनी टेन्शनर आधीच सगळ्यात खालच्या खाचेवर होता. त्याला आणखी जायला जागाच नव्हती.

‘मग मोठी चेन टाका.’ हे मला तिघांनी सुचवलं. चेन वाढते ती दोन कड्यांनी, म्हणजे २५.४ मिमी. तेवढी ढील घ्यायला शू इतका वर न्यावा लागेल की आगीतून निघून फुफाट्यात. एकाने ऑफसेट कडी, म्हणजे चेन एकाच कडीने वाढवणारी वाकडी कडी, घालायला सांगितलं. जी चेन इंजिनचा सगळा मार खाते, तिच्यात मी मुद्दाम एक कच्चा दुवा घालणार नव्हतो.

टेन्शनर बदलायचाच, तर कुठला? आधीचा आपोआप ताण धरणारा होता, खाचांचा. चेन क्षणभर सैल पडली की शू एक खाच वर चढतो आणि परत उतरत नाही. गाडी जोरात झटके द्यायला लागली की हा भिडू चढतच जातो. त्यात केस ॲल्युमिनियमची, चेन पोलादाची, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम जवळपास दुप्पट पसरतं. म्हणजे गरम इंजिनात स्प्रॉकेटं एकमेकांपासून थोडी लांब सरकतात आणि चेन आणखी ताठ होते. थंड असताना मधोमध २० मिमी हलणारी चेन ६० अंश तापल्यावर १३ मिमीच्या आसपास येते, असा माझा हिशेब निघाला. थंडपणी ढील दिलीच नसेल तर तो ताण गिअरबॉक्सच्या मेनशाफ्टचं बेअरिंग आणि क्रँकच्या डाव्या बाजूचं बेअरिंग सोसतं. ही दोन्ही बदलायला काय काय उघडावं लागतं ते मी पाहिलेलं आहे.

स्प्रिंगचाही एक प्रकार मिळतो, शू स्प्रिंगवर तरंगतो आणि मागेही सरकतो. ज्याला कव्हर उघडायचा कंटाळा आहे त्याने खुशाल तो घ्यावा. पण इंजिन ओढत असताना चेनची वरची बाजू ताठ आणि खालची सैल असते, थ्रॉटल सोडला की उलटं होतं. त्या क्षणी खालची बाजू ताठ होऊन शू दाबते. माझ्या गाडीचं इंजिन ब्रेकिंग जबरदस्त, त्यामुळे शू लवकर झिजेल असं मला वाटलं. मी हाताने लावायचा, बोल्टने पक्का होणारा टेन्शनर ठरवला. एका संध्याकाळचं काम होतं हे ठरवणं.

आणि मग तो फॉर्म.

ऑनलाइन पार्ट विकणाऱ्यांच्या पानावर आधी साल निवडायचं, मग मॉडेल, मग पार्ट दिसणार. साल न निवडता पुढचं बटण करड्या रंगात गप्प बसून राहतं. ‘मॉडिफाइड’ किंवा ‘माहीत नाही’ असा पर्याय नाही. मी इंजिनचं साल टाकलं. टेन्शनर आला, मागच्या प्लेटची भोकं १० मिमीने चुकली. परत पाठवायच्या फॉर्मवर पहिला प्रश्न: साल. आणि उत्तर काय आलं? ‘आपण चुकीचं साल निवडलं आहे.’ बरोबर कुठलं, ते सांगायची तसदी कुणी घेतली नाही.

दुसऱ्यांदा गिअरबॉक्सचं साल टाकलं. भोकं चपखल जुळली. मी अक्षरशः टाळी वाजवली. मग शू चेनखाली सरकवून पाहिला, तर पार्टचीच उंची जास्त. सगळ्यात खाली उतरवूनही चेन ताठच. म्हणजे मी जिथून निघालो तिथेच, फक्त डबा नवा. याच वेळी चॅटवर एका माणसाशी बोललो.

‘सर, मॉडेल कुठल्या सालचं?’

सगळी कथा सांगितली. दोन मिनिटं शांतता.

‘सर, आरसीचा फोटो पाठवा.’

पाठवला. त्या सालच्या पार्टची लिंक आली. तो तिसराच प्रकार होता, आणि त्याला लागणारं बोल्टचं भोक माझ्या केसला मुळात नाहीच. मी तसं लिहिलं. ‘सर, आरसीप्रमाणे हाच बसतो.’ गाडी समोर उघडी पडलेली, मी भोक नाही म्हणून सांगतोय, आणि तिकडून कागद दाखवताहेत! त्यानंतर सहा दिवस नुसतं ‘आपली विनंती तपासली जात आहे’. सातव्या दिवशी विनंती बंद झाली, खाली हसऱ्या चेहऱ्याचं चिन्ह: आमची सेवा कशी वाटली?

त्या रात्री चिडून मी एक काम केलं, जे पहिल्या दिवशी करायचं होतं. जुना टेन्शनर काढला, पुठ्ठ्याचा तुकडा केसवर दाबला आणि भोकांच्या जागी बोटाने घासून तेलाचे काळे गोल उमटवले. मग व्हर्नियरने केंद्रापासून केंद्रापर्यंत अंतर. बोल्टची जाडी, आटे. प्लेट टेकते तिथपासून चेनच्या खालच्या कडेपर्यंत उंची, चेन सैल असताना आणि ताठ असताना. दोन्ही स्प्रॉकेटांचे दाते, चेनच्या कड्या, किती पदरी. हा कागद मी एका छोट्या वर्कशॉपला पाठवला, ते स्वतः टेन्शनर बनवतात. वर लिहिलं: साल विचारू नका.

त्यांनी विचारलं नाही. दोन ओळींचं उत्तर आलं: शू वरपासून खालपर्यंत किती सरकायला हवा, आणि बाहेरच्या कव्हरच्या आतल्या बरगडीपासून किती जागा आहे?

ही बरगडी माझ्या डोक्यातच आली नव्हती. पोरांची मऊ माती घेतली, जुन्या शूच्या बाहेरच्या अंगाला थापली, त्यावर प्लास्टिकचा कागद. कव्हर चार स्क्रूंवर बसवलं आणि काढलं. मातीवर बरगडीचा स्वच्छ ठसा, सगळ्यात पातळ जागी ४ मिमी. रुंद पायाचा टेन्शनर मागवला असता तर इथे घासला असता आणि त्याची भुकटी तेलात फिरली असती. त्यांनी अरुंद पायाचा, बुटका पाठवला. पहिल्याच फटक्यात बसला.

बसवणं अर्ध्या तासाचं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. पण आठवतंय तसं सांगतो. कव्हरला हात लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टार्टरची चाकं तिथेच असतात आणि बोटं आपलीच. (मी हे कव्हर उघडल्यावर केलं. तुम्ही आधी करा.) कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्याच्या त्याच्या जागी खोचून ठेवा. पॅकिंग नवंच.

ढील मोजायची ती रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, गरमागरम नव्हे. आणि एका जागी मोजून थांबू नका. प्लग काढून, वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवत राहा, चेन कुठेतरी जास्त ताठ होतेच. माझ्याकडे एका जागी १६ मिमी आणि दुसरीकडे २१ मिमी भरलं. ढील ताठ जागेवर लावायची. आधी मी सैल जागेवर लावली होती आणि शीळ परत ऐकून पोटात गोळा आला होता. किती ठेवायची ते तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या, माझा आकडा उचलू नका.

शीळ गेली. न्यूट्रल बोटाच्या इशाऱ्यावर लागतं. पाचशे किलोमीटरनंतर तपासणीचं झाकण उघडून पाहिलं तर ढील जिथे लावली तिथेच होती. ड्रेन प्लगच्या चुंबकावर नेहमीची करडी साय, चुरा नाही. फक्त चुंबक नायलॉन पकडत नाही, म्हणून तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून काळे-पिवळे कण बघावे लागतात. तेही नव्हते.

मोजमापांचा तो कागद आता प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली चिकटवलाय. परवा मागच्या ब्रेकचे पॅड मागवायला पुन्हा त्याच पानावर गेलो. करडं बटण. साल निवडा.