मेलबर्नच्या पश्चिमेची काळी जमीन आणि तिच्यावरची मेंढरं

ताई-दाजींनी टार्नीटला घर बांधायला काढलं तेव्हा घरापेक्षा जास्त चर्चा मातीचीच चालली होती. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, ट्रुगनिना, विन्डम वेल ही उपनगरं, आपली माणसं तिकडं भरपूर. तिथं बांधकामाआधी प्लॉटची माती तपासतात आणि ओली-कोरडी होताना ती किती वरखाली हलेल त्यावरून तिला वर्ग देतात. एम म्हणजे ४० मिलिमीटरपर्यंत, एच-१ म्हणजे ४० ते ६०, एच-२ म्हणजे ६० ते ७५, आणि त्याच्याही वर गेली तर ई. दाजींचा प्लॉट एच-२ निघाला, म्हणजे घराखालची जमीन चारेक बोटं हलू शकते असं धरूनच सगळं डिझाईन, मग पायाचा स्लॅब जाड, स्टील जास्त आणि बिल त्याहून जास्त. दाजी पुण्याचे, त्यांना हे सगळं नवीन. मी बार्शीकडचा. आमच्याकडं काळ्या रानात बांधलेल्या घराला तडा नसेल तरच लोक चौकशी करतात.

तर यावेळी मार्चमध्ये तिकडं गेलो तेव्हा दाजींना म्हटलं, ग्रेट ओशन रोड सगळेच बघतात, मला ही तुमची एच-२ माती जिथनं सुरू होते आणि जिथं संपते तो माळ दाखवा. ताईनं कपाळाला हात लावला पण डब्यात थालीपीठ भरून दिलं.

जिलाँग ओलांडून हॅमिल्टन हायवेला लागलो आणि इन्व्हर्ली मागं पडलं की झाडं संपतात. म्हणजे रस्त्याकडेला लावलेल्या ओळी आहेत, पण त्यापलीकडं बघाल तिकडं सपाट पिवळं गवत, मेंढ्या, आणि लांब कुठंतरी एखादी टेकडी अशी उभी की कुणी आणून ठेवलीय. हे व्हिक्टोरिया राज्याचं ज्वालामुखीचं मैदान. मेलबर्नपासून पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलंय, क्षेत्र २३ लाख हेक्टरच्या घरात, आणि लाव्हा जिथनं बाहेर आला अशी ठिकाणं चारशेच्या वर. आपला दख्खन ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तो भेगांमधनं निवांत वाहिलेला लाव्हा, थरावर थर. इथला प्रकार त्यामानाने पोरवयाचा, ४५ लाख वर्षांपासून ते अगदी काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत. पण खडक तोच, काळा बेसाल्ट. मेलबर्नच्या जुन्या गल्ल्या आणि इमारती ज्या ब्लूस्टोनच्या आहेत तो ब्लूस्टोन म्हणजे आपला काळा फत्तरच की.

क्रेसी गेल्यावर एका कच्च्या फाट्यावर गाडी थांबवली. तारेच्या कुंपणाला गेट, गेटजवळ मेंढ्यांनी तुडवून गवत गेलेलं, आणि तिथं जमीन उघडी पडलेली. भेगा बघून इतकं घरी आल्यासारखं वाटलं की विचारू नका. मी खाली बसून एका भेगेत हात घातला, मनगटाच्या वर गेला, आतली माती गार आणि कडा साबणाच्या वडीगत गुळगुळीत. फुगताना-आकसताना मातीचे ढेपसे एकमेकांवर घासतात त्यानं ही चकाकी येते, आमच्या विहिरीच्या खणतीत पण दिसते. मागनं दाजी ओरडले, "अरे हात काढ, इथं ब्राऊन स्नेक असतो!" काढला लगेच. भेगेत साप असेल नसेल, पण या मैदानातली एक पट्ट्यांची बिनपायांची पाल खरंच अशा भेगांमध्ये राहते, आता दुर्मिळ झालीय.

पण जरा उकरून बघितल्यावर फरक कळायला लागला. वरची चारसहा इंच माती करडी, हलकी, जवळजवळ पोयटा. तिच्या तळाला साबुदाण्याएवढे गोल तपकिरी लोखंडी खडे, तिथले लोक त्याला बकशॉट म्हणतात, बंदुकीचे छर्रे. आणि त्याच्याखाली एकदम घट्ट चिकणमाती. आपल्या काळीसारखी वरनं खालपर्यंत एकजीव नाही. त्या खालच्या थरात सोडियम जास्त, म्हणजे आपण चोपण म्हणतो त्या जातीची, पाणी लागलं की विरघळल्यासारखी होऊन छिद्रंच बुजवते. तिथंही उपाय तोच, जिप्सम. म्हातारा लाव्हा, लाखो वर्षं समुद्राकडनं पावसाबरोबर येणारं मीठ, असं सगळं साठत गेलंय. सगळीकडं हेच आहे असंही नाही, सखल भागात अस्सल भेगाळणारी काळी-करडी जमीन पण आहे, आणि तिच्यात जमीन आपोआप खड्डे-उंचवटे करत लाटांसारखी होते, त्याला गिलगाय म्हणतात. उन्हाळ्यात भेगेत वरची माती पडते, पावसाळ्यात खालची फुगते आणि जागा नाही म्हणून वर ढकलली जाते, वर्षानुवर्षं असं चालतं. आपल्याकडं नांगरून नांगरून हे केव्हाच सपाट झालं असणार.

तिथनंच गावाकडं अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी फोनमधनं माती बघितली आणि पहिला प्रश्न, "काळी हाय ना? मग ज्वारी का पेरत न्हाईत? मेंढरं काय सोडलीत?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला पुढचा सगळा रस्ता तोच पुरला. पाऊस टार्नीटकडं साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्यापेक्षाही कमी. पण पडतो कधी हे महत्त्वाचं. आमच्याकडं पावसाळ्यात काळी पाणी पिऊन बसते, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वाफसा आला की शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी पेरायची आणि पुढं थेंब नाही पडला तरी ओलीवर पीक निघतं. इथं हिवाळ्यात झिम्माड, थंडीमुळं बाष्पीभवन नाही, खालचा थर पाणी खाली सोडत नाही, मग जूनपासून सप्टेंबरपर्यंत रानात चिखल आणि मुळ्या गुदमरून पीक पिवळं. आणि उन्हाळ्यात तीच जमीन दगडागत. वाफसा असा येतो कधी आणि जातो कधी! झाडं नसण्याचं पण एक कारण हेच सांगतात, हिवाळ्यात पाणी, उन्हाळ्यात भेगांनी मुळं तुटायची, वर आग. गवताला मात्र हे सगळं चालतं.

म्हणून १८३०च्या दशकात टास्मानियातनं मेंढ्या आल्या आणि इथंच राहिल्या. मेजर मिचेल नावाचा इंग्रज सर्वेक्षक १८३६ साली हा मुलूख बघून हरखून गेला होता, 'ऑस्ट्रेलिया फेलिक्स' असं नावच दिलं. त्याला जे सुंदर कुरण दिसलं ते आपोआप आलेलं नव्हतं, इथल्या मूळ रहिवाशांनी वेळच्या वेळी गवत जाळून, मरनाँग नावाचे कंद काठीनं उकरून उकरून ती माती भुसभुशीत ठेवलेली. मेंढ्यांनी मरनाँग मुळापासून खाल्लं आणि खुरांनी माती ठोकून टाकली. आपल्याकडं धनगर रानात मेंढ्या बसवतात ते दोन रात्री आणि पुढं जातात, खत पडतं, रान सुधारतं. वर्षभर तिथंच कोंडल्यावर काय होणार.

डेरिनॅलमला बेकरीत चहा घेतला (चहा यथातथाच, 'पाय' म्हणजे सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ मात्र भारी). समोर माउंट एलिफंट, मैदानातनं २४० मीटर वर आलेला राखेच्या दगडांचा शंकू. तिथनं कॅम्परडाऊनला उतरलो आणि कोलॅकच्या बाजूला वळल्यावर जे स्टोनी रायझेस लागतं ते माझ्यासाठी सगळ्यात भारी. हा लाव्हा नंतरचा, त्यामुळं अजून दगडच आहे. माती जेमतेम फटींमध्ये, सगळीकडं काळ्या धोंड्यांचे ढीग, मधनं झाडं. सकाळी जुन्या लाव्हावर भेगाळलेली जाड माती बघितली आणि दुपारी त्याच खडकाचं हे कोवळं रूप. आमच्याकडं टेकावर मुरूम आणि ओढ्याला काळी, तो उताराचा खेळ, माती वरनं वाहून खाली साठते. इथं सपाटीतच फरक, आणि तो वयाचा.

हे धोंडे उचलून लोकांनी चुन्याशिवाय दगडी बांध रचलेत, मैलच्या मैल. यातले काही सशांना अडवायला! पुढं विंचेल्सीजवळ बार्वन पार्क म्हणून इस्टेट आहे, तिथं १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या गृहस्थानं शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडचे ससे सोडले. बाकीच्यांनी मग दगड रचत बसायचं.

येताना जिलाँगच्या अलीकडं अण्णांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं. कापलेल्या गव्हाच्या रानात सरळ रुंद वरंबे आणि मधे सऱ्या, आपलं बीबीएफच, म्हणजे रुंद वरंबा-सरी. १९९०च्या दशकापासून इकडं हे सुरू झालं, पाणी सरीतनं निघून जातं, पीक वर कोरडं राहतं, आणि मेंढ्यांच्या कुरणात गहू-कॅनोला आला. शेतकऱ्याच्या पोराला ते बघून बरंच वाटतं. पण मूळ गवताचं माळ आधीच नावापुरतं उरलेलं, २००८ मध्ये केंद्र सरकारनं त्याला अतिधोक्याच्या यादीत टाकलंय, आणि एका बाजूनं नांगर, दुसऱ्या बाजूनं दाजींच्यासारखे प्लॉट. आपलं सोलापूर-नगरकडचं माळरान 'पडीक' म्हणून कागदावर लिहिलं जातं, तीच तऱ्हा.

ते मूळ गवत बघायचं असेल तर लांब जायची गरज नाही. ट्रुगनिनाचं जुनं कब्रस्तान ताईच्या घरापासनं जवळच, तिथं कधी नांगर फिरला नाही म्हणून कांगारू ग्रास आणि एक अतिदुर्मिळ पिवळ्या फुलांची वनस्पती टिकून आहे. फुलांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, भेगांसाठी फेब्रुवारी-मार्च. जुलै-ऑगस्टमध्ये कच्च्या फाट्यावर गाडी घालू नका, काळी ती काळीच, टो ट्रकवाला पैसे सोडत नाही.