ब्राउझर माझा, मेसेंजर सगळ्यांचा

आमच्या पाचपाखाडीतल्या इमारतीत आणि ऐरोलीच्या ऑफिसातही संगणकाशी संबंधित शंका माझ्याकडे येतात आणि त्यांतले दोन प्रश्न बहुधा एका दमात विचारले जातात: ब्राउझर कोणता चांगला, आणि व्हॉट्सॲप सोडून दुसरे काही वापरावे का? विचारणाऱ्याला दोन्ही प्रश्न एकाच जातीचे वाटतात, कारण दोन्हींचे उत्तर म्हणजे एखादे ॲप उतरवून घेणे एवढेच असते. माझ्या मते मात्र ते मुळातच वेगळे आहेत. ब्राउझर मी आज संध्याकाळी बदलला तर जगात कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. मेसेंजर बदलायचा असेल तर माझ्याबरोबर भावाने, मुलीच्या वर्गाच्या पालकांनी, सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणि नळदुरुस्तीवाल्यानेही तो बदलावा लागतो. पहिली निवड खरोखर माझी आहे. दुसरी माझी नाही, आणि ती माझी असल्यासारखे वागण्यात लोकांची बरीच शक्ती वाया जाते.

आधी ब्राउझरविषयी. ॲपच्या दुकानात जाऊन नावे मोजली तर ती भरपूर निघतात, पण आतले इंजिन, म्हणजे संकेतस्थळाचे पान पडद्यावर उभे करणारा गाभा, पाहिले की संख्या झपाट्याने खाली येते. गूगलने सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आणला, २०१३ मध्ये ॲपलच्या वेबकिट या इंजिनापासून फारकत घेऊन ब्लिंक हे स्वतःचे इंजिन सुरू केले, आणि जानेवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनेही स्वतःचे इंजिन बाजूला ठेवून एज हा ब्राउझर क्रोमियमच्या, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे त्या खुल्या प्रकल्पाच्या, पायावर नव्याने बांधला. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी आणि आपल्याकडच्या झोहो कंपनीचा उला हेही त्याच पायावर उभे आहेत. पाट्या वेगळ्या असल्या तरी पीठ एकाच गिरणीतून येते, असा हा प्रकार आहे. वेगळ्या गिरणीचे म्हणून सर्वसामान्य माणसाच्या हाती दोनच उरतात: मोझिलाच्या फायरफॉक्समधले गेको आणि ॲपलच्या सफारीतले वेबकिट. आयफोनवर तर भारतात आजही कोणताही ब्राउझर घेतला तरी आत वेबकिटच असते, त्यामुळे आयफोनधारकाने इंजिनाचा विचार न करता बुकमार्क आणि पासवर्ड कुठे साठवायचे एवढेच ठरवावे.

आत कोणते इंजिन आहे याच्याशी आपल्याला काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. देणेघेणे आहे, आणि ते गेल्या काही वर्षांत उघड दिसले. क्रोमने एक्स्टेन्शनांसाठी, म्हणजे ब्राउझरला जोडता येणाऱ्या छोट्या पुरवण्यांसाठी, मॅनिफेस्ट व्ही३ नावाची नवी नियमावली आणली आणि २०२४ पासून टप्प्याटप्प्याने जुन्या नियमावलीवरची एक्स्टेन्शने बंद केली. यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती आणि पाळत रोखणारा नावाजलेला अडसर त्यात गेला. क्रोमवर आता त्याची कमी ताकदीची लाइट आवृत्ती तेवढी उरली आहे. फायरफॉक्सवर मूळ आवृत्ती पूर्वीसारखीच चालते. थर्ड पार्टी कुकीजची गोष्टही अशीच आहे. एका संकेतस्थळावरची आपली हालचाल दुसऱ्या संकेतस्थळावर ओळखता यावी म्हणून जाहिरात कंपन्या या कुकीज वापरतात. सफारीने त्या मार्च २०२० मध्ये सरसकट बंद केल्या, फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज त्याच्या त्याच्या कप्प्यात कोंडून ठेवल्या, आणि गूगलने मात्र २०२० मध्ये त्या बंद करण्याचे जाहीर करून, मुदत वारंवार पुढे ढकलून, जुलै २०२४ मध्ये तो बेत गुंडाळला. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे तिच्याकडून वेगळी अपेक्षा ठेवणे तसे भाबडेपणाचेच होते.

मी घरच्या लॅपटॉपवर आणि फोनवर फायरफॉक्स वापरतो, आणि फोनवरचा वापर मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांचे वाचन आता तिथेच होते. ठाणे ते ऐरोली या लोकलच्या प्रवासात एखादे मराठी बातमीपत्र साध्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. वर जाहिरातीची पट्टी येते, कोपऱ्यातून व्हिडिओची चौकट सरकत येऊन स्वतःहून बोलू लागते, तिची बारीक फुली दाबायला जावे तर तेवढ्यात मजकूर खाली घसरतो आणि अंगठा नेमका जाहिरातीवरच पडतो. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन बसवले की तेच पान शीर्षक, छायाचित्र आणि मजकूर एवढ्यावर येते, आणि डेटाही वाचतो. जाहिरातींवरच वृत्तपत्रे चालतात, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून जे दैनिक मी रोज वाचतो त्याच्या ई-आवृत्तीची वर्गणी भरतो.

फायरफॉक्सची बाजू घेताना त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. जुन्या, कमी रॅमच्या फोनवर तो जड वाटतो. काही बँकांची आणि सरकारी संकेतस्थळे त्यावर धड चालत नाहीत. अर्ज पूर्ण भरून झाल्यावर शेवटचे बटण दाबले तरी ढिम्म हलत नाही, असेही घडते. त्यासाठी मी क्रोम ठेवलेला आहे आणि तो तेवढ्याच कामाला उघडतो. शिवाय मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलला मुख्य शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतो, म्हणजे गूगलचा प्रतिस्पर्धी गूगलच्याच पैशावर तगून आहे. ज्यांना एक्स्टेन्शनांच्या भानगडीत पडायचे नाही त्यांनी ब्रेव्ह घ्यावा. त्यात जाहिरातरोधक मुळातच असतो, फक्त पहिल्याच दिवशी त्यातल्या क्रिप्टो आणि बक्षिसांच्या गोष्टी बंद करून टाकाव्यात.

खरे तर कोणता ब्राउझर यापेक्षा एका सेटिंगमुळे अधिक लोकांचा त्रास वाचेल. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फोनवर दिवसभर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’, ‘तुम्ही बक्षीस जिंकला आहात’ अशा सूचना येत होत्या आणि फोन बिघडला म्हणून त्या नवा घ्यायच्या विचारात होत्या. फोनला काहीही झाले नव्हते. क्रोमच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, तिथून साइट सेटिंग्ज आणि मग नोटिफिकेशन्स उघडल्यावर परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची भलीमोठी यादी निघाली: पाककृती, पंचांग, क्रिकेटचे धावफलक आणि काही अगम्य नावे. “काकू, परवानगी मागितली की नाही म्हणायचं,” असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, नाही म्हटलं तर पुढे जाऊच देत नाहीत ना मेले!” त्यांचे म्हणणे खोटे नाही. ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या’ असे दरडावून ही परवानगी उकळली जाते. याच पानावर संकेतस्थळांना सूचनांची परवानगी मागण्याचीच मुभा काढून घेण्याची सोय आहे. ती केल्यापासून काकूंचा फोन शांत आहे आणि नव्या फोनचा विषय मागे पडला आहे.

आता मेसेंजर. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नवे गोपनीयता धोरण पुढे केले तेव्हा सिग्नल या गोपनीयतेसाठी नावाजलेल्या मेसेंजरच्या ‘अमुक आता सिग्नलवर आहे’ अशा सूचनांचा आमच्या फोनवर पाऊस पडला. मंडळी आली, नमस्कारचमत्कार झाले, आणि काही आठवड्यांत सगळे पुन्हा व्हॉट्सॲपवर दिसू लागले. त्याच धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेले, पण तोवर आमच्या ग्रुपवर त्या धोरणाची आठवणही कोणाला राहिली नव्हती. लोक बेफिकीर आहेत म्हणून असे होते, हे निदान मला पटत नाही. ज्याच्याशी बोलायचे तो जिथे आहे तिथेच जावे लागते, एवढे साधे त्याचे कारण आहे.

ही सक्ती तंत्रज्ञानाच्या स्वभावातच आहे असे मात्र समजू नये. ईमेल कोणत्याही कंपनीचे असो, दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पोहोचते. त्याहून जवळचे उदाहरण म्हणजे यूपीआय. २०१६ मध्ये राष्ट्रीय देयक महामंडळाने ही व्यवस्था उभी केली तेव्हापासून स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे फोनपेची पाटी असली तरी मी भीम ॲपवरून पैसे देतो, आणि आम्हा दोघांनाही समोरच्याचे ॲप कोणते हे विचारावे लागत नाही. पैशासारखी नाजूक गोष्ट एका ॲपमधून दुसऱ्यात सुखरूप जाते आणि ‘पोहोचलो’ एवढा निरोप जाऊ शकत नाही, याचे कारण धंद्यात आहे. युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यात बड्या मेसेंजरांनी इतरांना जोडणी द्यावी अशी तरतूद केली. आपल्याकडे पैशांच्या बाबतीत जे करून दाखवले ते निरोपांच्या बाबतीत का होऊ नये, हा प्रश्न ‘स्वदेशी ॲप वापरा’ या आवाहनापेक्षा मला अधिक मोलाचा वाटतो.

स्वदेशीचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस झोहोच्या अरट्टाई या मेसेंजरची लाट आली तेव्हा आमच्या सोसायटीचाही तिथे समांतर ग्रुप झाला, आणि सुप्रभातचे संदेश दोनदा येऊ लागले एवढाच फरक पडला. ॲप हलके आहे, कंपनी जुनी आणि भरवशाची आहे. पण लाट आली त्या वेळी त्यावरच्या लेखी संदेशांना एंड टू एंड एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, अगदी कंपनीलाही, संदेश वाचता येऊ नये अशी सोय, नव्हती, ती नंतर आली. कंपनी कुठली आणि संदेश कोणाला वाचता येतो, हे दोन निराळे निकष आहेत. हाइक हे ॲपही भारतीयच होते. ते जानेवारी २०२१ मध्ये बंद झाले.

टेलिग्रामविषयीचा गैरसमज त्याहून पक्का आहे. ते सर्वांत सुरक्षित, असे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले मला छातीठोकपणे सांगतात. नोट्सच्या जाडजूड पीडीएफ आणि मोठमोठी चॅनेल यांसाठी ते उत्तम आहे, पण त्यावरचे नेहमीचे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. एंड टू एंड एन्क्रिप्शन फक्त सीक्रेट चॅटमध्ये असते, तो वेगळा सुरू करावा लागतो आणि ग्रुपला ती सोय नाही. उलट ज्याला सगळे नावे ठेवतात त्या व्हॉट्सॲपवर २०१६ पासून सर्व संवादांना हे संरक्षण आहे, आणि तेही सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे संदेश कुलूपबंद करण्याच्या पद्धतीवर, आधारलेले आहे. मजकूर कंपनीला वाचता येत नाही. कोण, कोणाशी, केव्हा बोलले याचा हिशेब मात्र तिच्या हाती राहतो. सिग्नल तोही जवळजवळ ठेवत नाही.

म्हणून मी व्हॉट्सॲप सोडलेले नाही. त्याला वेसण घातली आहे. सर्वांत आधी बॅकअप पाहावा. संवाद एन्क्रिप्टेड असले तरी गूगल ड्राइव्हवर जाणारी प्रत आपण स्वतः सेटिंग्जमधल्या चॅट बॅकअपमध्ये जाऊन तसे ठरवल्याशिवाय त्या संरक्षणाखाली येत नाही, आणि तिथला पासवर्ड विसरला तर ती प्रत कोणालाही उघडून देता येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून कपाटात ठेवावा. ग्रुपमध्ये कोणी जोडावे याची मुभा फक्त ओळखीच्यांना द्यावी. शेअर बाजारात दामदुप्पट करून देणारे ग्रुप याच फटीतून घरात शिरतात. टू स्टेप पिन, म्हणजे आपले खाते नव्या फोनवर सुरू करताना लागणारा जादा सांकेतिक आकडा, लावावा. आणि चलानाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाखाली आलेली एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल, पाठवणारा सख्खा मामा असला तरी, उघडू नये, कारण तोवर मामांचाच फोन दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

सिग्नल आमच्या घरात टिकले ते चौघांपुरते: आम्ही दोघे, बहीण आणि आई. चारच माणसे असल्यामुळे ठरवणे एका जेवणात उरकले. दवाखान्याचे कागद, आधारची प्रत, बँकेचे काही असेल ते तिथेच जाते. आईला नवे काही शिकावे लागले नाही. व्हिडिओ कॉलचे बटण तिथेही वरच आहे.

सोसायटीत मात्र मी ॲप बदलण्याचा आग्रह सोडून वेगळी मागणी केली आणि कमिटीने ती मान्य केली. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचे पाणी बंद असल्याची किंवा लिफ्ट अडकल्याची खबर ग्रुपवर येते. सभेची नोटीस, हिशेब आणि देखभाल शुल्काची बिले ईमेलने जातात आणि लिफ्टशेजारच्या फलकावरही लागतात. तळमजल्यावरच्या आजोबांकडे अजून बटणांचा फोन आहे, आणि वार्षिक सभेत हिशेबावर सर्वांत जास्त प्रश्न तेच विचारतात.