कोची ते गोवा: बंक सहा, झोपायला तीन

नाशिकचे आम्ही चौघं, वर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, आणि त्याचा मदतनीस. चाळीस फुटी शिडाची बोट, मुंबई–कोची–मुंबई, फेब्रुवारी. जाताना वारा पाठीशी होता. डॉल्फिन वगैरे दिसतात, मजा येते, पुढे.

परतीचं सांगतो. या दिवसांत दुपारनंतर वायव्येचा वारा चढतो आणि आपल्याला जायचं असतं नेमकं तिकडेच. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. साधारण 45 अंश सोडून नागमोडी चढावं लागतं. नकाशावरचे साडेतीनशे सागरी मैल पाचशे धरूनच चला. शाळेत पाठ केलेला मतलई वारा पहाटे थोडी दया करतो, तेवढीच. गोव्याला यायला सहा दिवस लागले. बुकिंग घेणाऱ्याने यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. ‘सहा माणसं, सहा बंक’, म्हणजे झोपायच्या सहा जागा, एवढंच तोंडात.

बोट कलली की पुढच्या केबिनमध्ये माणूस गादीवरून हातभर उडतो. दोन बंक गेले. मागचा डबल बंक म्हणजे वरचा खालच्याच्या अंगावर, म्हणून एकच धरा. मधल्या दोनांतला जो बंक बोट कलल्यावर वर उचलला जातो, त्याला पडू नये म्हणून कापडी आडोसा लागतो. आमचा फाटका होता. तरी सुतळीने बांधून एकजण तिथे अंग टाकायचा. दोघं पहाऱ्यावर, चौघांना तीन जागा. दुसऱ्याच्या घामाने ओली उशी उलटी करायची आणि पडायचं.

तिसऱ्या रात्री मेहुण्याला पहाऱ्यावरून सोडवायला मला उशीर झाला. ओलं जाकीट अंगात जाईना. वर गेलो तर तो सुकाणूवरून नजर न हलवता म्हणाला, “दाजी, तीन वाजून बारा मिनिटं झालीत.” बस्स. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी फक्त दिशेचे अंश बोलला. चाळीस फुटांत रुसून जायला जागा नसते हो, समोरासमोर बसूनच रुसावं लागतं.

काकांचं पाण्यावरून झालं. नळ सोडला की पंप घुर्र करतो आणि सगळी बोट मनात सेकंद मोजते. काका खारं पाणी सोडून गोड्या पाण्यात कप विसळायचे. पाचव्या दिवशी तांडेलाने पंपाचं बटणच बंद केलं. त्याचं बरोबर होतं, पण काकांना आधी सांगायला हवं होतं.

गंगापूर धरणावर संध्याकाळी शीड फिरवून माणसं कळत नाहीत. आधी त्याच मंडळींबरोबर मुंबई–मुरूड जाऊन या, रात्रीचे पहारे लावून, येताना वारा तोंडावर घेऊन. नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरच्या सहा जणींनी 2017-18 मध्ये 254 दिवसांत जगप्रदक्षिणा केली, त्याही आधी मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. आणि ती बोट 55 फुटी! आपण वीकेंडच्या ओळखीवर निघतो.

पैसे देण्याआधी बोट कललेली असताना किती जण झोपू शकतात ते विचारा. आडोशाची कापडं हाताने ओढून बघा. पहारा बदलताना दहा मिनिटं आधी उठवायचं, हे बंदरातच ठरवा. आणि उशिराचा खर्च कोणाचा, ते लेखी घ्या. आमच्याकडून गोव्यात माणशी नऊ हजार जादा मागितले, पावतीशिवाय. काकांनी दिले. मी आणि मेहुणा तिथेच उतरून बसने नाशिकला आलो. खिडकीची जागा त्याने घेतली, मी काही बोललो नाही.