बाबांच्या नावावरचा फोन

साताऱ्याच्या घरी अजून लँडलाईन आहे म्हटलं की माझे पुण्यातले ऑफिसचे लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "चालते का पण?" चालते. ती चालू राहावी म्हणून गेल्या वर्षी जी खटपट करावी लागली ती लिहून ठेवते आहे. कुठलं काम आधी करायचं आणि कुठलं नंतर, एवढं जरी तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पुष्कळ हेलपाटे वाचले असते.

फोन हवाच कशाला, हा पहिला प्रश्न. आई ब्याऐंशी वर्षांची, एकटी राहते. घर जुनं, भिंती हात-दीड हात जाडीच्या. माजघरात मोबाईलची एखादी दांडी दिसते, स्वयंपाकघरात तीही नाही. तिच्याकडे मोबाईल आहे, पण तो देवघराच्या खिडकीत ठेवलेला असतो, कारण घरात रेंज फक्त तिथेच येते. म्हणजे नाव मोबाईल आणि तोही एका जागी बसवलेला. त्यातून वयामुळे तिची बोटं इतकी कोरडी पडलीत की स्क्रीनवर हिरवं बटण कितीही सरकवलं तरी फोन उचलला जात नाही. वाजून वाजून बंद पडतो, मग ती चिडते आणि इकडे पुण्यात माझा जीव टांगणीला लागतो. लँडलाईनचा रिसीव्हर उचलला की काम झालं.

दादा नेदरलँड्सला असतो. त्याचं म्हणणं सरळ होतं: वर्षाला चार-पाच हजार रुपये कशाला भरायचे, मी व्हिडिओ कॉल करतोच की. आई म्हणाली, "व्हिडिओत तुझं तोंड दिसतं, तू काय बोलतोस ते कळत नाही." तो विषय तिथे मिटला असं मला वाटलं होतं.

मग पावसाळ्याच्या तोंडावर गल्लीत ड्रेनेजसाठी खोदकाम झालं. आधी फोनवर खरखर यायला लागली, मग दुसऱ्याच कुणाचं तरी बोलणं ऐकू यायला लागलं आणि शेवटी लाईन पूर्ण डेड. लाईनमन आला, खांबावरची डीपी, म्हणजे फोनच्या जोडण्यांची पेटी, उघडून तपासली, कोपऱ्यावरच्या पिलरपर्यंत, म्हणजे केबलच्या मोठ्या कपाटापर्यंत, जाऊन आला. डीपीपासून घरापर्यंतची वायर ठणठणीत होती, दोष रस्त्याखाली. जेसीबीच्या दातात आलेली जुनी केबल, तिच्यात आधीचेच इतके जोड की आणखी एक जोड मारून ती किती टिकणार? "ताई, तांब्याची नवी केबल आता कुणी टाकत नाही," तो म्हणाला. "फायबर घ्या. नंबर तोच राहतो. फक्त फोन कुणाच्या नावावर आहे ते बघा."

फोन बाबांच्या नावावर. बाबांना जाऊन सहा वर्षं झालेली. बिल त्यांच्या नावाने यायचं, आई भरायची, कुणाला काही खटकायचं कारणच नव्हतं.

बाबांचा आणि या फोनचा इतिहास आमच्या घरात पुराणासारखा सांगितला जातो, तो थोडा सांगतेच. अर्ज केला तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, फोन आला तेव्हा मी पाचवीत होते. मधली सगळी वर्षं 'नंबर कधी लागणार' यात गेली. जास्त अनामत भरून लवकर फोन मिळवायची ओवायटी नावाची सोय होती, पण तेवढे पैसे मास्तरच्या पगारात कुठले. १९८४ साली सी-डॉट ही देशी टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संस्था सुरू झाली, देशी एक्स्चेंजं गावोगावी बसायला लागली आणि मग कुठे रांगा हलल्या. आमच्याकडे फोन आला आणि गल्लीतल्या निम्म्या घरांच्या लग्नपत्रिकांवर आमचा नंबर छापला जाऊ लागला, पुढे कंसात 'पीपी', म्हणजे फोन शेजारच्यांचा, बोलावून द्यायचा. पुण्या-मुंबईहून कुणाचा फोन आला की मी पायऱ्या उतरून धावत बोलवायला जायची. पुढे पाच आकडी नंबराच्या आधी २ लागला आणि तो सहा आकडी झाला, एवढाच काय तो त्यात बदल. साताऱ्याचा कोड ०२१६२. पहिलं शून्य सोडून चार आकडे आणि आपले सहा, मिळून दहा. पुण्याचा कोड लहान म्हणून तिथे नंबर आठ आकडी, कोल्हापूर मधलं म्हणून सात. बेरीज सगळीकडे दहाच. हे मला बाबांनी शिकवलेलं गणित.

तर नाव बदलायचं. फोनच्या ऑफिसात काउंटरवरच्या मॅडमनी कागदांची यादी दिली: अर्ज, मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि फोटो, शेवटचं भरलेलं बिल, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आणि स्टँप पेपरवर हमीपत्र. वारस म्हणजे मी आणि दादा. स्टँप पेपर घ्यायला गेले तर व्हेंडरने पाचशेचा काढून दिला. शंभराचे ऑक्टोबर २०२४ पासून गेलेच. एका फोनसाठी पाचशेचा स्टँप, वर नोटरी. दादाला हे कळल्यावर तो लगेच म्हणाला, "बघ, मी सांगत होतो, बंद कर." पण बंद करायचा झाला तरी बाबांचं डिपॉझिट परत मिळवायला वारसांचे हेच कागद लागणार होते. तेव्हा धावपळ दोन्हीकडे सारखीच, फरक एवढाच की एकीकडे शेवटी फोन हातात उरतो. हे ऐकल्यावर तो गप्प बसला. गणपतीला येणारच होता, तेव्हा त्याची सही घेतली. परदेशातून सही मागवायची म्हणजे ती खरी कशी धरायची हा वेगळाच घोळ, त्यात मला पडायचं नव्हतं.

ज्यांच्या घरी असा फोन असेल त्यांनी लाईन बिघडायची वाट न बघता नाव आधी बदलून घ्यावं. नाव बाबांचंच राहिलं असतं तर फायबरचा अर्जच पुढे सरकला नसता, कारण त्यावर सही ग्राहकाची हवी.

याच सुमारास केबलवाला मुलगा दारात आला. आमच्याकडे इंटरनेट घ्या, लँडलाईन फुकट. आईने विचारलं, "नंबर हाच?" नाही, नवा. मोबाईलचा नंबर तसाच ठेवून कंपनी बदलता येते, ती सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. लँडलाईनला ती लागू नाही. हा नंबर गावाच्या कोडला आणि त्या कंपनीच्या एक्स्चेंजला बांधलेला. त्यामुळे जुना नंबर हवा असेल तर जुनीच कंपनी, दुसरा रस्ता नाही. बँक, एलआयसी, दवाखाना, गॅसवाला, मामीची वही, सगळीकडे हाच नंबर लिहिलेला. ओटीपी लँडलाईनवर येत नाही हे खरं, पण दवाखान्यातून रिपोर्ट तयार झाल्याचा फोन येतो तो इथेच.

नाव झालं, मग फायबरचा अर्ज. जुनी लाईन आधीच मेलेली आणि नवी जोडेपर्यंत नंबर मुका. एवढ्यात कराडच्या मावशीने दोन-तीनदा फोन लावला, उचलला नाही म्हणून शेजारच्या काकूंना पळवलं. काकू धावत आल्या तर आई अंगणात तांदूळ निवडत बसलेली. तुम्ही हे करणार असाल तर नातेवाइकांना आधी सांगून ठेवा. बँकेपेक्षा तेच महत्त्वाचं.

जोडणीला एक तरुण मुलगा आला. खांबावरच्या पेटीतून काळी बारीक दोरीसारखी वायर ओढली आणि खिडकीशेजारच्या जुन्याच भोकातून आत घेतली. आत काचेचा तंतू आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "काच? आणि तडकली म्हणजे?" "फार वाकवू नका आजी, आणि त्यावर कपडे वाळत घालू नका," तो म्हणाला. दुसरी सूचना त्याने अंगणातली दोरी बघून केली असावी. तंतूतून येणाऱ्या प्रकाशाचा जोर मोजायच्या मीटरवर उणे एकवीस आलं, त्यावर तो खूश. उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या पलीकडे गेलं की कटकट सुरू होते, म्हणाला. भिंतीवर एक पांढरी पेटी बसली. तिच्यात इंटरनेटच्या खाचा आणि एक फोनची. फोनच्या खाचेतून वायर काढून घरातल्या जुन्या वायरिंगला जोडली, म्हणजे माजघरात आणि माडीवर दोन्हीकडे फोन वाजेल. त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी घरातल्या वायरिंगपासून तोडली. ते तोडणं गरजेचं असतं, नाहीतर मेलेल्या केबलमधला दोष घरात येऊन बसतो. घरी कुणी स्वतः खटपट करणार असेल तर हे ध्यानात ठेवा.

इथे खरी गंमत झाली. बटणांचा फोन जोडला, डायल टोन आला, पण नंबर दाबला तरी टोन तसाच. मुलाने फोन उलटा केला. खाली नखाएवढा खटका, एका बाजूला पल्स (नंबर ठोक्यांनी जातो), दुसऱ्या बाजूला टोन (नंबर सुरांनी जातो). आमचा इतकी वर्षं पल्सवरच होता. एक्स्चेंजला दोन्ही कळायचं, या पांढऱ्या पेटीला फक्त टोन कळतो. खटका सरकवला, लागला फोन. आता माडीवर बाबांचा पहिला काळा फोन, चकतीचा. त्याला खटका कुठला? त्याचं सगळं पल्सवर, एकाला एक ठोका, शून्याला दहा. त्यावरून आता फोन लावता येत नाही, पण आलेला घेता येतो आणि घंटाही वाजते. मुलगा म्हणाला, काही पेट्यांना ही जुनी घंटा वाजवण्याएवढा जोर नसतो, तुमचं नशीब. दादाला तो शोभेची वस्तू म्हणून तिकडे न्यायचा होता. आईने साफ नाही म्हटलं. नव्या फोनची पीं-पीं तिला स्वयंपाकघरात ऐकू येत नाही, या घंटेने शेजारचेही उठतात. आता काळा फोन स्वयंपाकघराच्या दाराशी, फक्त घेण्यासाठी.

विजेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त सतावत होता आणि त्याबद्दल विक्री करणारे आपणहून काही बोलत नाहीत. जुन्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट तारेतूनच यायचे, म्हणून गाव अंधारात असलं तरी फोन चालू. काचेतून वीज जात नाही. घरातली लाईट गेली की पांढरी पेटी बंद, पेटी बंद की फोन बंद. म्हणजे ज्या कारणासाठी म्हाताऱ्या माणसाच्या घरी लँडलाईन ठेवायची, तेच निम्मं गेलं. उपाय आहे: राउटरसाठी मिळतो तो छोटा बारा व्होल्टचा यूपीएस. हजार-दीड हजारात येतो. घेताना पेटीच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्यायचे, पिन जुळते का तेही. महावितरणची देखभालीसाठी वीज जाते त्या दिवशी मी मुद्दाम साताऱ्याला थांबले आणि पुन्हापुन्हा रिसीव्हर उचलून बघितला. दुपारचं जेवण, आईची झोप, चहा, एवढं सगळं होईपर्यंत टोन होता. त्यापुढे नाही. वादळात दोन दिवस वीज गेली तर हा उपयोगाचा नाही, ते मान्य करूनच चालायचं.

नव्या लाईनवर जुनी एक कटकट तशीच राहिली. लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लावावं लागतं, १५ जानेवारी २०२१ पासूनचा नियम. आईने तेव्हाच वहीतल्या प्रत्येक मोबाईल नंबरापुढे लाल पेनाने शून्य काढलं होतं. नवीन फोन आला म्हणून आता ते नको असेल, असं समजून शेजारच्या काकूंनी तिला खोडायला सांगितलं. मी वेळेवर पोचले.

आणि फसवणुकीचे फोन इथेही येतात, त्यातून लँडलाईन सुटलेली नाही. 'तुमचा फोन दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी नऊ दाबा' असा रेकॉर्ड केलेला आवाज. लाईन खराब असतानाच्या काळात असाच एक आला होता. आईने त्या आवाजाला ऐकवलं, "करा बंद, नाहीतरी खरखरच येतेय," आणि ठेवून दिला. तरीही मी फोनशेजारी १९३० हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर मोठ्या अक्षरात चिकटवला आहे. नकोशा जाहिराती थांबवण्यासाठी १९०९ ला लावलं, थोडा फरक पडला.

खर्च म्हणाल तर सगळ्यात लहान प्लॅन महिना चारशेच्या आसपास, वर अठरा टक्के जीएसटी. त्यात इंटरनेट आलंच, ते आईला नको होतं. पण आता वायफायमुळे मोबाईल देवघराच्या खिडकीतून माजघरात आला आणि दादाचे व्हिडिओ कॉल जरा बरे लागतात. तो हे स्वतःच्या दूरदृष्टीचं यश मानतो.

बिल आता कागदावर येत नाही, माझ्या मोबाईलवर येतं. हे आईला मान्य नाही. मी प्रिंट काढून नेते आणि ती त्यावर तारीख घालून बाबांच्या फाईलला लावते. स्वतःच्या नावाचं पहिलं बिल तिने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "पिनकोड चुकलाय." खरंच चुकला होता. पुढच्या खेपेला तो दुरुस्तीचा अर्ज घेऊन जायचा आहे. यात दादाची सही लागत नाही, हे मी आधीच विचारून घेतलंय.