कामावर सांगितलंय काय?

कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात, त्या एआरटी सेंटरबाहेर शेजारी कुणी नवीन येऊन बसलं, की पाच-दहा मिनिटांत विचारतंच, "ताई, कामावर सांगितलंय काय हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत कोअर शॉपला, म्हणजे ओतीव भाग आतून पोकळ यावा म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे कोअर करायच्या खात्यात, अकरा वर्षं झाली, तिथं फक्त एकीला माहीत आहे.

एकदा सांगून बघितलं होतं. २००८ मध्ये आमचे हे गेले, तेव्हाच माझी तपासणी झाली. सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, १८०, फारच कमी. सरकारनं २००४ पासून गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली होती, म्हणून मी आज बोलतेय. तेव्हा एका खानावळीत भाकरी करायची. मालकीणबाईंना विश्वासानं सांगितलं. बाई रडल्या. दुसऱ्या दिवशी परात दुसरीच्या पुढ्यात होती आणि माझ्या हातात पंधरा दिवसांचा पगार, वर एक साडी. "घरी आराम कर गं." भाकरीतून एचआयव्ही जात नाही, हे मला तेव्हा नीट बोलताच आलं नाही. शिवी दिली असती तर भांडले असते. साडी घेऊन गप घरी आले.

काम झेपतं का, असंही विचारता. झेपतं की. रेझिन घातलेली वाळू बॉक्समध्ये ठासायची, कोअर अलगद बाहेर काढायचा, कडा घासायच्या. कड तुटली तर कास्टिंग रिजेक्ट, म्हणून हात हलका लागतो. त्रास झाला तो आधीच्या गोळीचा. तिच्यात एफाविरेंझ होतं. रात्री घेतली की डोकं गरगरायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची आणि सकाळी सातच्या पाळीला पाय उचलायचे नाहीत. आता डोल्युटेग्रॅवीर असलेली गोळी आहे, दिवसाला एक. ती गरगर गेली. माझ्या रिपोर्टात व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, सापडत नाही, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही.

खरी पंचाईत खाड्याची. रोजंदारीवर दर महिन्याला गोळ्या आणायला एक खाडा म्हणजे पैसे जातात ते जातातच, वर सुपरवायझरला कारण काय द्यायचं? मी "साखर आहे" म्हणून ठोकून दिलं. त्याला स्वतःला साखर! तेव्हापासून तो मला कारल्याच्या रसाचं विचारतो आणि मी पण गंभीर तोंड करून सांगते. आता तब्येत स्थिर असली की बऱ्याचदा तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात, त्यामुळं खाडे कमी झालेत. कारल्यातून मात्र सुटका नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. माणूस कामाला धडधाकट असेल तर नुसत्या एचआयव्हीपायी त्याला काम नाकारता येत नाही, हे मुंबई हायकोर्टानं १९९७ मध्येच सांगितलं. २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार नोकरीसाठी तपासणीची अट घालता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसं असतील तिथं तक्रार ऐकायला अधिकारी नेमावा लागतो. आमच्याकडं माणसं चाळीस, त्यात निम्मी कंत्राटदाराची. तो एचआयव्हीचं नाव कशाला काढेल? "उद्यापासून काम कमी आहे" म्हटलं की झालं. म्हणून मी नवीन येणाऱ्यांना सांगते, कायदा समजून घ्या, शंका असेल तर १०९७ या एचआयव्हीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, पण मन मोकळं करायला साहेबाची केबिन शोधू नका.

कामानं मला काय दिलं म्हणाल, तर भिशी. २००८ मध्ये गल्लीतल्या बायकांनी "तुझं बरं नसतंय" म्हणून माझं नाव भिशीतून काढलं होतं. कोअर शॉपमध्ये आम्ही बारा जणी, महिना हजार. गेल्या दिवाळीत लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी मी पहिला नंबर मागितला. पहिली उचल द्यायची म्हणजे पुढचे अकरा महिने ही हप्ता भरायला असेल, असं धरूनच द्यायची. दोघी-तिघी कुरकुरल्या. ज्या एकीला माहीत आहे, तीच बोलली, "द्या गं तिला. ती कुठं जात न्हाई."

बारा हजार मोजून पिशवीत ठेवले, गोळ्यांच्या डबीला लागूनच. केएमटीच्या बसमध्ये खुळखुळू नये म्हणून डबीत कापूस घातलेला असतो. अजून चार हप्ते राहिलेत.